अठरा वर्षांचा गिल्डहॉल

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात लॅव्हनम नावाचं गाव आहे. लंडनपासून ईशान्येला शे-सव्वाशे किलोमीटर, वस्ती आजही दोन हजारांच्या आतली. गावच्या बाजारचौकाच्या एका कडेला चुन्याने पांढरी केलेली एक लाकडी इमारत उभी आहे. तिचा वरचा मजला खालच्याच्या पुढे झुकलेला, खांब राखाडी पडलेले. हा कॉर्पस क्रिस्टी गिल्डहॉल. बांधला १५३० च्या आसपास, म्हणजे त्याला आता पाच शतकं होत आली. पण ज्या कामासाठी तो बांधला ते काम तिथे जेमतेम सतरा-अठरा वर्षं चाललं. त्यानंतर तिथे कैदी राहिले, निराधार माणसं राहिली, लोकरीची पोती राहिली. इतिहासाच्या पुस्तकांत गिल्डहॉलचं चित्र येतं ते वैभवाची खूण म्हणून. या इमारतीचं बरंचसं आयुष्य मात्र दारिद्र्यात गेलं, आणि ती टिकली तीही त्याच दारिद्र्यामुळे.

वैभव खोटं नव्हतं. आठव्या हेन्रीच्या काळात, १५२० च्या दशकात जी करवसुली झाली तिच्या हिशेबात लॅव्हनम देशातल्या पहिल्या पंधरा गावांत मोडतं. तटबंदीचं, मोठ्या चर्चचं, आर्चबिशपचं यॉर्क शहर त्याच्या मागे पडलं होतं. लॅव्हनमला ना तट, ना बंदर, ना मोठी नदी. होतं ते फक्त निळं कापड.

हे कापड म्हणजे ब्रॉडक्लॉथ, जाड, रुंद पन्ह्याचं लोकरी कापड. त्याचा माग इतका रुंद असे की एका माणसाचे हात दोन्ही काठांना पोचत नसत. मागावर दोन विणकर शेजारी शेजारी बसत आणि धोटा एकाने फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा. या दोघांना सूत पुरवायला कितीतरी कातणाऱ्या लागत. त्या गावात मावत नसत, आसपासच्या खेड्यांतल्या बायका-पोरं घरोघरी कातत बसत. कापड मागावरून उतरलं की ते पाण्यात, विशिष्ट मातीत घालून तुडवायचं, म्हणजे लोकर आटून घट्ट होते. मग काटेरी बोंडांनी घासून त्याची लव उभी करायची, आणि लांब पात्यांच्या मोठ्या कात्रीने ती सारखी कापायची. इतके हात फिरल्यावर कापड लंडनला जाई, तिथून बरंचसं अँटवर्पला.

रंग यायचा वोड नावाच्या रोपाच्या पानांपासून. पानं चेचून, गोळे करून, वाळवून, पुन्हा भिजवून आंबवायची. या आंबवण्याला जो वास सुटतो तो असह्य असतो. पहिल्या एलिझाबेथ राणीने तर आपल्या राजवाड्यांच्या आसपास काही मैलांत वोडचं काम करायला बंदीच घातली होती. लॅव्हनमचे रंगारी कापड विणल्यावर नव्हे, सूत कातण्याच्याही आधी लोकरच रंगवत. त्यामुळे रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जाई. पिंपातून काढलेली लोकर आधी पिवळट-हिरवी दिसते आणि हवा लागेल तशी डोळ्यांदेखत निळी होत जाते.

या सगळ्या साखळीची दोरी कापड-व्यापाऱ्याच्या हातात. लोकर त्याची, पैसा त्याचा. तो लोकर कातणारीला देणार, सूत विणकराला देणार, कापड तुडवणाऱ्याकडे पाठवणार, आणि प्रत्येकाला मजुरी देणार. मजुरी देण्याची रीत कशी होती याचा पुरावा खुद्द कायद्यात सापडतो. १४६४-६५ साली चौथ्या एडवर्डच्या पार्लमेंटने कापडाच्या धंद्याचा जो कायदा केला त्यात तक्रार नोंदवलेली आहे की कामगारांना मजुरीचा मोठा भाग टाचण्या, कमरपट्टे आणि असल्याच निरुपयोगी वस्तूंच्या रूपात घ्यायला लावतात. यापुढे मजुरी नाण्यांत द्या, असं कायद्याने बजावलं. दिवसभर सूत कातून संध्याकाळी हातात टाचण्या घेऊन घरी जाणारी बाई डोळ्यांसमोर आणल्याशिवाय लॅव्हनमच्या श्रीमंतीचा हिशेब पुरा होत नाही.

श्रीमंतीत सर्वांत वर होतं स्प्रिंग घराणं. तिसरा थॉमस स्प्रिंग १५२३ मध्ये वारला तेव्हा सरदार-उमरावांची घराणी सोडली तर देशात त्याच्याइतका पैसेवाला शोधून काढावा लागला असता. त्याने गावच्या चर्चच्या मनोऱ्यासाठी मृत्युपत्रात २०० पौंड ठेवले. तो मनोरा १४१ फूट उंच आहे, गावाच्या मानाने अवाढव्य. जवळ जाऊन पाहिलं तर दगडात दोन चिन्हं कोरलेली दिसतात. एक डी व्हीअर घराण्याचा तारा. हे ऑक्सफर्डचे अर्ल, लॅव्हनमचे जमीनदार. दुसरं स्प्रिंगच्या व्यापाराची खूण, जी तो कापडाच्या गाठींवर मारत असे. वर मनोऱ्याच्या कठड्यावर जाईपर्यंत ही व्यापारी खूण गायब होते आणि तिच्या जागी स्प्रिंग घराण्याला नव्याने मिळालेलं कुलचिन्ह दिसू लागतं, तेही एकदा नाही, अनेकदा. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत बांधकाम होईतो व्यापाऱ्याचा खानदानी माणूस झाला होता. पुढे स्प्रिंग घराण्यातली मुलगी डी व्हीअरांच्या घरात सून म्हणून गेली. मुलांनी कापड सोडलं, जमिनी घेतल्या. पैसा गावातून निघायला सुरुवात झाली ती इथून.

१५२५ मध्ये आणखी एक धक्का बसला. फेब्रुवारीत पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा पकडला गेला. आठव्या हेन्रीला वाटलं, फ्रान्सवर चालून जायला याहून चांगली वेळ नाही. पण तिजोरी रिकामी. त्याचा मंत्री कार्डिनल वुल्झी, हा सफोकचाच, इप्सविचचा. त्याने पार्लमेंटला न विचारता नवी वसुली काढली. नाव दिलं ‘अ‍ॅमिकेबल ग्रँट’, म्हणजे राजीखुशीची देणगी. गृहस्थांकडून मालमत्तेच्या सहाव्या हिश्शापर्यंत, धर्मगुरूंकडून तिसऱ्या हिश्शापर्यंत. आधीच्या दोन-तीन वर्षांत सक्तीची कर्जं देऊन लोक आधीच पिळून निघाले होते.

सफोकच्या ड्यूकने कापड-व्यापाऱ्यांना बोलावून दटावलं, गोंजारलं. त्यांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी कामगारांना सांगितलं की आता तुम्हाला द्यायला पैसा उरला नाही, काम बंद. पिंजणारे, कातणारे, विणणारे, तुडवणारे सगळे एकदम रस्त्यावर. लॅव्हनम, सडबरी, हॅडली या गावांतून माणसं जमू लागली. त्या काळच्या बखरकाराने आकडा चार हजार दिला आहे. चर्चच्या घंटा वाजवून आणखी माणसं बोलवायचा बेत होता, पण कुणा व्यापाऱ्याने घंटांचे लोळे आधीच काढून ठेवले असं सांगतात. ड्यूकने पूल तोडून वाटा अडवल्या, नॉरफोकचा ड्यूकही फौज घेऊन आला.

नॉरफोकच्या ड्यूकने विचारलं, तुमचा पुढारी कोण? जॉन ग्रीन नावाचा पन्नाशीतला माणूस पुढे झाला. आमचा पुढारी म्हणजे गरिबी, आणि तिच्याबरोबर तिची चुलत बहीण असलेली गरज, या दोघींनी आम्हाला इथे आणलं, असं त्याचं उत्तर बखरीत नोंदलेलं आहे. बखरकारांनी अशी वाक्यं घडवून घालायची पद्धत होतीच, त्यामुळे शब्दाला शब्द धरू नये. पण त्यापुढचा युक्तिवाद सरळ आहे. व्यापारी काम देतात म्हणून आम्ही जगतो. राजाने त्यांचा पैसा नेला तर ते काम देणार नाहीत. मग आम्ही उपाशी मरणार. शेवटी माणसं अंगात नुसता सदरा, गळ्यात दोर अशा वेशात शरण आली. हेन्रीने हात झटकले. हा कर आपल्याला माहीतच नव्हता म्हणाला, वसुली मागे घेतली, बंडखोरांना माफी दिली. वुल्झी मुकाट्याने दोष घेऊन मोकळा झाला.

गिल्डहॉल यानंतर उभा राहिला, हे लक्षात ठेवलं पाहिजे. चार हजार उपाशी माणसं गोळा झाल्याला जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती आणि बाजारचौकात गावातल्या बड्या मंडळींनी ओकच्या लाकडाचा एवढा पसारा मांडला. व्यापाऱ्यांना दिवस फिरल्याची कुणकुण नव्हती, की लागली होती म्हणूनच हा दिमाख, हे आता कोण सांगणार.

गिल्ड म्हटलं की आपल्याला विणकरांची, सोनारांची संघटना आठवते. लॅव्हनमची कॉर्पस क्रिस्टी गिल्ड तशी नव्हती. ती धार्मिक मंडळी होती, आणि गावात तिच्यासारख्या आणखीही गिल्ड होत्या. सभासदांनी वर्गणी द्यायची, चर्चमध्ये मेणबत्त्या लावायच्या, कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला मिरवणूक काढायची, जेवणावळी घालायच्या. मुख्य काम मात्र मेलेल्यांचं. माणसाचा आत्मा मरणानंतर शुद्धीच्या जागी, पर्गेटरीत अडकतो आणि जिवंतांच्या प्रार्थनांनी त्याची मुदत कमी होते, ही तेव्हाची श्रद्धा. गिल्ड पुजारी नेमून सभासदांसाठी या प्रार्थना करवून घेई. अर्थात कापडाचे मोठे व्यापारी एकाच मेजावर जेवायला बसल्यावर बोलणं फक्त आत्म्याचं होत असेल असं मानायचं कारण नाही.

आता इमारत. इंग्लंडच्या या भागात बांधकामाचा चांगला दगड नाही. चर्चसाठी तो लांबून आणवला, पण घरांसाठी ओक. गिल्डहॉलच्या दर्शनी भिंतीकडे पाहिलं की पहिल्यांदा नजरेत भरतात ते उभे खांब, एकाला लागून एक. दोन खांबांमधली मोकळी जागा जवळपास खांबाच्या रुंदीइतकीच. वजन पेलायला इतक्या खांबांची काहीही गरज नव्हती; याच्या निम्म्या लाकडात भिंत उभी राहिली असती. पण ओक महाग होता आणि बाजाराला आलेल्या प्रत्येकाला तो महाग आहे हे ठाऊक होतं. भिंतीवर नोटा चिकटवायची सोय नव्हती, म्हणून लाकूड.

वरचा मजला पुढे काढायची तऱ्हाही तशीच. पुस्तकांत सांगतात की अरुंद गल्ल्यांत जागा वाढवायला असे मजले पुढे काढत. शहरात ते खरं असेल. लॅव्हनमच्या मोकळ्या चौकात जागेची काय टंचाई? इथे तो थाटच आहे, आणि थाटाला कसब लागतं. एकाच बाजूला मजला पुढे काढायचा तर मजल्याचे वासे त्या दिशेने लांब ठेवले की झालं. पण हा मजला चौकाच्या बाजूलाही पुढे आहे आणि शेजारच्या गल्लीच्या बाजूलाही. वासे दोन दिशांना कसे जाणार? त्यासाठी कोपऱ्यात एक जाड तुळई तिरपी टाकायची, आणि दोन्ही बाजूंचे वासे तिच्यात आणून बसवायचे. या तुळईचा भार ज्या खांबावर येतो तो कोपऱ्याचा खांब. गिल्डहॉलच्या त्या खांबावर माणसाची मूर्ती कोरलेली आहे. ऑक्सफर्डच्या अर्लची म्हणून ती दाखवतात, पण पाचशे पावसाळ्यांनी चेहरा इतका झिजवलाय की आता ती कुणाचीही असू शकते.

जोडकामात खिळा नाही. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसेल अशी जीभ, दोन्हींतून आरपार भोक आणि त्यात ओकचीच खुंटी. सुतार पूर्ण सांगाडा आधी आपल्या वाड्यात जमिनीवर आडवा जुळवत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने आकडे कोरत, मग सगळं सोडवून गाड्यांत भरून जागेवर नेत आणि आकड्याला आकडा जुळवत उभं करत. आकडे रोमन, कारण पटाशीने सरळ रेघाच सोप्या पडतात. लाकूड वाळवलेलं नसे, ओलंच कापून वापरत. ओला ओक हत्यारांना मऊ लागतो. तो नंतर जागेवर वाळतो, आकसतो, पिळतो, आणि तसे सांधे अधिकच आवळले जातात. लॅव्हनमची घरं आज जी वाकडीतिकडी दिसतात, दाराची चौकट एकीकडे आणि खिडकी दुसरीकडे, त्यात या ओल्या लाकडाचा मोठा वाटा आहे.

खांबांच्या मधल्या फटी भरल्या आहेत त्या काठ्या विणून, त्यांच्यावर माती, पेंढा आणि शेणाचा लिंपा देऊन, वरून चुना. कोकणातल्या कुडाच्या भिंती ज्याने पाहिल्यात त्याला यात काही नवं वाटणार नाही. पाहुण्यांच्या मनात मात्र अशा घरांचं एक ठरलेलं चित्र असतं: डांबरासारखे काळेभोर खांब आणि मध्ये पांढरा रंग. ही काळी-पांढरी हौस बरीचशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. लॅव्हनममध्ये लाकूड एकतर उघडं, उन्हापावसात चंदेरी-राखाडी होऊ दिलेलं असतं, नाहीतर भिंतीबरोबर त्यावरही चुना फिरवलेला असतो.

गिल्डचा अंत लंडनहून आला. आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी नातं तोडलंच होतं. त्याच्यामागून गादीवर बसलेल्या सहाव्या एडवर्डच्या पहिल्याच वर्षी, १५४७ मध्ये, मेलेल्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या सगळ्या संस्था कायद्याने मोडीत काढल्या गेल्या. पर्गेटरीच नाही म्हटल्यावर तिथे अडकलेल्यांसाठी पैसे कसले? देशभरच्या अशा मंडळींची मालमत्ता सरकारजमा झाली. कॉर्पस क्रिस्टी गिल्ड संपली. इमारत गावच्या कारभारासाठी वापरात राहिली.

कारभार तरी कसला उरला होता? नेदरलँड्समधून धर्माच्या छळाला कंटाळून आलेल्या विणकरांनी कोलचेस्टरसारख्या गावांत हलकी, स्वस्त, रंगीबेरंगी लोकरी कापडं विणायला सुरुवात केली. ती दक्षिण युरोपातल्या उबदार हवेतही चालत. लॅव्हनमचं जाड निळं कापड कुणाला हवं होतं? युरोपातल्या युद्धांनी अँटवर्पची वाट वारंवार बंद पडे ती वेगळीच. खुद्द निळ्या रंगाचंही पुढे तेच झालं. पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालून हिंदुस्थानची वाट शोधल्यावर गुजरातेतली नीळ जहाजांनी युरोपात जाऊ लागली. वोडच्या पानांत आणि निळीच्या पानांत रंगद्रव्य एकच, फक्त निळीत ते कितीतरी पट अधिक. जर्मनीत वोडवाल्यांनी निळीला सैतानाचा रंग म्हणून शिव्या घातल्या, बंदी आणवली; उपयोग झाला नाही. पण लॅव्हनमचं दिवाळं निळीने काढलं असं म्हणणं चूक ठरेल. नीळ जोमाने यायला लागली तेव्हा लॅव्हनमचा बहर ओसरून गेला होता.

सतराव्या शतकाच्या अखेरीस गिल्डहॉलमध्ये तुरुंग होता. अठराव्या शतकात तिथे गरिबांसाठी वर्कहाउस आलं. ज्यांना पोट भरता येत नाही त्यांनी इथे राहायचं आणि निवाऱ्याच्या बदल्यात काम करायचं. सफोकच्या वर्कहाउसांत ते काम बहुतेक वेळा सूत कातण्याचं असे. मागच्या अंगणात पुढे गावची कोठडी आणि प्रेतं ठेवायची खोली बांधली, दोन्ही अजून आहेत. नंतर कधी इथे वृद्ध निराधारांना आसरा मिळाला, कधी लोकर साठवली गेली.

पैसा असलेली इंग्लिश गावं याच काळात नटत होती. जॉर्ज नावाच्या राजांच्या काळात लाकडी घरं मागास वाटू लागली. लोक ती पाडून विटांची बांधत, निदान पुढून विटांची भिंत तरी चढवत. लॅव्हनममध्ये विटा घ्यायला पैसे नव्हते. कुणी लाकडावर गिलावा चढवून वेळ मारून नेली, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. आज गावात संरक्षित म्हणून नोंदलेल्या इमारती तीनशेच्या वर आहेत, आणि त्यांतल्या कित्येक केवळ कुणाला पाडायला परवडल्या नाहीत म्हणून उभ्या आहेत. शिलिंग स्ट्रीटवरच्या अशाच एका जुन्या घरात अठराव्या शतकाच्या अखेरीस जेन टेलरचं बालपण गेलं. आपल्याकडे इंग्रजी बालवाडीत पहिल्यांदा शिकवतात ते लुकलुकणाऱ्या ताऱ्याचं गाणं तिचं. एकोणिसाव्या शतकात घोड्याच्या केसांचं कापड आणि काथ्याच्या चटया विणायचे कारखाने आले, १८६५ मध्ये रेल्वे आली. गाव जगलं, पण पुन्हा मोठं झालं नाही.

१८८७ मध्ये सर कथबर्ट क्विल्टर या पैसेवाल्या गृहस्थाने गिल्डहॉल विकत घेतला आणि दुरुस्त करवला. आज आपल्याला जो नेटका दर्शनी भाग दिसतो त्यात त्याच्या सुतारांचा हात किती आणि १५३० च्या सुतारांचा किती, हे दरवेळी सांगता येतंच असं नाही. तरी सांगाडा जुना आहे.

गावाची खरी परीक्षा १९११ च्या सुमारास झाली. जुन्या इंग्लिश लाकडी घरांना तोवर बाजार आला होता. वूल हॉल नावाची गावातली दुसरी एक इमारत, पूर्वीची दुसऱ्या गिल्डचीच, विकली गेली. तिचा सांगाडा सोडवून तो राजघराण्यातल्या प्रिन्सेस लुईझ यांच्यासाठी अ‍ॅस्कॉटकडे न्यायचा बेत होता. लाकडं निघालीसुद्धा. गावकऱ्यांनी आणि जुन्या वास्तू जपणाऱ्यांनी आरडाओरडा केला, बाईसाहेबांनी माघार घेतली आणि वूल हॉल परत येऊन आपल्या जागी पुन्हा उभा राहिला. खिळे ठोकलेली इमारत अशी उकलता आली नसती, आणि उकलली तरी पुन्हा जुळली नसती. खुंट्या काढा, आकडे जुळवा, खुंट्या ठोका: ज्या रीतीने ती पहिल्यांदा उभी राहिली त्याच रीतीने दुसऱ्यांदा. आज ती शेजारच्या स्वान हॉटेलचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात गावाजवळच्या धावपट्टीवरून अमेरिकन बाँबफेकी विमानं उडत. त्या वैमानिकांच्या सह्या हॉटेलच्या मद्यशाळेच्या भिंतीवर जपून ठेवल्या आहेत. गिल्डहॉलमध्ये तेव्हा शहरांतून हलवलेली मुलं आणि एक खानावळ होती.

१९५१ पासून गिल्डहॉल नॅशनल ट्रस्टकडे आहे. आत कापडाच्या धंद्याचं संग्रहालय आहे, मागच्या बागेत वोड आणि दुसरी रंगाची झाडं लावली आहेत. एका पेटीत वाळून लाकूड झालेलं मांजर ठेवलंय. वाईट शक्तींना दूर ठेवायला जुने लोक घराच्या छपरात असं मांजर घालत. पोरांना संग्रहालयात सर्वांत आवडतं ते हेच. त्याखालोखाल आवडते ती माहिती अशी की हॅरी पॉटरच्या सातव्या भागाच्या चित्रपटात हॅरीच्या आईबापांचं जे पडकं घर दिसतं ते हा गिल्डहॉलच, संगणकावर मोडकळीला आणलेला.